बसाकाकांची घडीची खुर्ची

धावायला शिकवणाऱ्या या माणसाने मला सर्वांत जास्त वेळा काय सांगितलं असेल, तर "बसा." धापा टाकत आलो तरी बसा, न टाकता आलो तरी बसा, आणि शर्यत तीन आठवड्यांवर आली की मग तर विचारूच नका. दिल्लीत आमचा मराठी धावणाऱ्यांचा एक गट होता, त्यात त्यांचं खरं नाव कुणी घेत नसे. ते बसाकाका. स्वतः ते नेहमी बसलेलेच असत, कारण एक निळी घडीची खुर्ची काखेत मारल्याशिवाय हा माणूस घराबाहेर पडत नसे.

काका निवृत्त भूलतज्ज्ञ. "लोकांना स्वस्थ पडायला लावणं हा माझा जन्मभराचा धंदा," ते म्हणत. "तुमच्यासारखे चळवळे पेशंट मी पुष्कळ पाहिलेत. फरक एवढाच, की त्यांच्यासाठी माझ्याकडे इंजेक्शन होतं." तरुणपणी ते धावत. पुढे त्यांच्या गुडघ्यांनी राजीनामा दिला, तेव्हा ते इतरांच्या गुडघ्यांकडे वळले. हिंदूराव हॉस्पिटलजवळ त्यांचा फ्लॅट होता. रविवारी पहाटे आम्ही शेजारच्या रिजवर, म्हणजे जंगलाच्या टेकाडावर, धावायचो. मी त्यासाठी फरीदाबादहून गाडी हाकत यायचो, आणि काका फाटकाशी खुर्ची मांडून, माकडटोपी घालून, रिजवरच्या खऱ्या माकडांच्या पंगतीत बसलेले असायचे. धावणारा जवळ आला की त्याच्या पायांकडे बघायचे, चेहऱ्याकडे नाही. "चेहरा खोटं बोलतो," हे त्यावरचं स्पष्टीकरण.

मी त्यांच्या हाती लागलो तो एका पराभवानंतर. मॅरेथॉनच्या आठवडाभर आधी मी गुपचूप पूर्ण अंतर धावून पाहिलं होतं, जमतंय का ते बघायला. जमलं. म्हणजे माझी शर्यत उत्तम पार पडली, फक्त आठवडाभर आधी आणि प्रेक्षकांशिवाय. खऱ्या दिवशी पस्तिसाव्या किलोमीटरच्या पाटीशी मी "एक मिनिट टेकतो" म्हणून फुटपाथच्या कडेवर टेकलो आणि उठलोच नाही. मागे राहिलेल्यांना गोळा करणाऱ्या गाडीने मला उचलून नेलं. शेवटच्या रेषेपाशी आमच्या दिल्लीतल्या मराठी मंडळाची मंडळी ढोल घेऊन उभी होती. ढोल वाजवायची संधी हुकलेली माणसं आपल्याकडे कशी बघतात, हे ज्याने भोगलंय त्यालाच कळेल. माझी बायको दिल्लीतच वाढलेली. तिने फक्त "चलो, घरी जाऊ" एवढंच म्हटलं, आणि तेच जास्त लागलं.

पुढच्या वर्षी पूर्ण करायचीच, असं मी ठरवलं. काकांनी वर्षभर तयारी करून घेतली, आणि जानेवारीत, अंगात चांगला जोर आलेला असताना, फर्मान काढलं. आता तीन आठवडे धावणं कमी, मग आणखी कमी, मग जवळजवळ बंद. खायचं, झोपायचं, बसायचं. वर म्हणाले, "फ्लॅट विकलाय मी. ही हवा आता छातीला सोसत नाही. नाशिकला मुलीकडे जातोय. पण तुमची शर्यत बघितल्याशिवाय सामान हलवणार नाही." आता सांगा, आधीच घाबरलेल्या माणसाला कुणी असं सांगतं का? एका वृद्ध गृहस्थाचं स्थलांतर माझ्या पोटऱ्यांवर टांगून हा माणूस मला वर निश्चिंत राहायला सांगत होता.

धावणं कमी झालं की अंगात काय काय दुखायला लागतं, ते न धावणाऱ्यांना कळायचं नाही. सोमवारी माझा डावा गुडघा दुखला. मंगळवारी तो बरा झाला आणि उजवी टाच गेली. बुधवारी कारखान्यात मीटिंग चालू असताना मला वाटलं, आपल्याला ताप आहे. तिन्ही वेळा मी काकांना फोन केला. तिसऱ्या फोनला ते म्हणाले, "उद्या कुठे दुखणार आहे ते आजच सांगून ठेवा. म्हणजे मला दुपारची झोप घेता येईल." छातीत धडधडतं म्हटलं, तर म्हणाले, "शंभरपासून उलटे आकडे मोजा. टेबलावरच्या पेशंटना मी हेच सांगायचो. नव्वदच्या खाली कुणी पोचत नसे." मी शून्यापर्यंत मोजून परत फोन केला. तेव्हा ते म्हणाले, "घरात कुणी मोठं माणूस आहे का? त्यांना द्या फोन." बायकोने फोन घेतला. दोघं माझ्याबद्दल माझ्यासमोर, मी एखादा नादुरुस्त कुकर असल्यासारखे, दहा मिनिटं बोलले.

त्या संभाषणातून निघालेला तोडगा म्हणजे पानिपत. संक्रांतीला आमचं मंडळ बस करून काला अंबला जातं, तिथल्या लढाईच्या स्मारकापाशी फुलं वाहायला. "पाठवा त्याला," काका म्हणाले. "बसमध्ये माणसाला बसावंच लागतं."

गेलो. जाताना बसलो. पण उतरल्यावर समोर ती सपाट जमीन, ती थंडी, गव्हाच्या शेतांमधून गेलेली ती मऊ पायवाट. बूट नेमके धावायचेच घातलेले. मंडळी सतरंजी, हार, तिळगुळाचे डबे उतरवत होती. तेवढ्यात एक छोटीशी फेरी, कुणाला कळणार आहे, असं म्हणून मी सुटलो. धुकं इतकं दाट होतं, की थोड्या वेळाने मला स्मारक दिसेना, मग पायवाट दिसेना, मग मीच मला नीटसा दिसेना. एका बांधावरून पाय घसरला आणि घोटा मुरगळला. घाबरून, जिकडे माणसांची चाहूल वाटली तिकडे लंगडत, धापा टाकत पळत आलो आणि धुक्यातून बाहेर पडलो तो थेट मंडळाच्या मधोमध. सगळे हात जोडून, डोळे मिटून उभे होते. श्रद्धांजलीची दोन मिनिटं चालू होती. त्या गंभीर शांततेत आवाज एकच, माझ्या धापांचा. माझे पाय गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेले. मंडळाच्या अध्यक्षांनी एक डोळा उघडला, मला वरून खाली पाहिलं आणि हळूच म्हणाले, "अडीचशे वर्षांपूर्वी पळालेला एक जण परत आलेला दिसतोय."

बस दिल्लीला पोचायच्या आत ही बातमी काकांना कळली होती. मंडळातल्या बायकांचे फोन बसपेक्षा वेगाने धावतात.

दुसऱ्या दिवशी मी गेलो तर काकांनी घोटा हातात घेतला, दाबून पाहिला, सुजेवर बर्फ ठेवला. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. म्हणाले, "पानिपतात आपलं काय चुकलं, ठाऊक आहे?"

मी वैतागून म्हटलं, "वाट बघता आली नाही, असंच म्हणणार ना? पण काका, उलट तिथे आपली माणसं महिनोन्महिने वाट बघत बसली होती."

"उपाशी बसली होती," काका म्हणाले. "तुम्ही जेवून बसा. बूट काढा."

ते बूट त्यांनी जप्त केले. चक्क पोलादी कपाटात, गरम कपड्यांच्या खाली ठेवून कुलूप लावलं. मी म्हटलं, "माझ्याकडे दुसरा जोड आहे." ते म्हणाले, "होता. तुमच्या सौभाग्यवतींनी सकाळीच शेजाऱ्यांकडे ठेवला." घरी येऊन बायकोला जाब विचारला, तर ती म्हणाली, "यार, तू त्यांना फोन कर ना. मला का विचारतोस?"

शर्यतीच्या आदल्या दिवशी सकाळीच काकांनी बोलावून घेतलं. गच्चीत उन्हाला दोन खुर्च्या मांडल्या होत्या आणि मध्ये मटारच्या शेंगांचा ढीग. दुपारपर्यंत आम्ही मटार सोलले. मी चारदा उठलो, चारदा "बसा" ऐकलं. खाली पायऱ्यांजवळ सामानाची खोकी बांधून ठेवलेली दिसत होती. सवयीने मी विचारलं, "काका, नाही जमलं तर?" ते शेंग सोलत राहिले. "तर मी नाशिकला जाईन आणि तुम्ही फरीदाबादला. मटार मात्र सोलून झालेले असतील." निघताना त्यांनी बूट दिले. धुतलेले होते. पानिपतचा चिखल त्यांनी स्वतः घासून काढला होता, आणि हे मी बोलून दाखवू नये म्हणून लगेच आत निघून गेले.

शर्यतीचं सगळं सांगत नाही. तिसापर्यंत मी शहाण्यासारखा धावलो. मग पाय लाकडी झाले, आणि पस्तिसाची पाटी दिसू लागली तसा तो फुटपाथही दिसू लागला. तीच कड, तेच झाड. मनात म्हटलं, एक मिनिट. फक्त एक मिनिट टेकतो. आणि बघतो तर नेमक्या त्या जागी निळी खुर्ची मांडलेली, तिच्यावर माकडटोपीतले काका. ते टाळ्या वाजवत नव्हते, उठले नाहीत, हातही हलवला नाही. माझ्या पायांकडे बघत होते. मी जवळ जाऊन रेंगाळलो, तेव्हा शांतपणे म्हणाले, "इथे जागा नाही. पुढे जा."

गेलो. ढोल वाजले. बायको रडली, आणि धुळीने डोळे चुरचुरतात म्हणाली. काका शेवटच्या रेषेपाशी आलेच नाहीत, ते त्या झाडाखालूनच घरी गेले. मुलीने बुधवारच्या गाडीचं तिकीट काढलं होतं.

स्टेशनवर मी धीर करून ती खुर्ची मागितली. आठवण म्हणून. काकांनी ती काखेत आणखी घट्ट धरली. "तुम्हाला बसता येत नाही," ते म्हणाले. "तुम्ही खुर्चीचं काय करणार?"

आता जानेवारी लागला की नाशिकहून फोन येतो. परवाही आला.

"काय करताय?"

"बसलोय, काका."

"धापा टाकत?" काका म्हणाले, आणि माझे पाय थांबेपर्यंत त्यांनी फोन ठेवला नाही.