गुंडीअप्पांची नवी वेल

पालघरजवळच्या माहीमच्या वाड्यांत वैशाखात सगळे उघड्या अंगाने राबायचे. आमचे घरमालक अप्पा मात्र सदऱ्याची गुंडी गळ्यापर्यंत लावून. म्हणून गावाने त्यांना गुंडीअप्पा केलं. मी सांगलीहून तारापूरच्या कारखान्यात नोकरीला आले, त्यांच्या पानवेलीच्या वाडीतच खोली घेतली, आणि मीही त्यांना हसले.

कपडे वाळत घालायला शेवग्याला खिळा ठोकू लागले, तर अप्पा धावत आले. "खिला नको गो! घाव बसला का झाड तिथं गाठ धरते." मला तो म्हाताऱ्याचा हेका वाटला.

त्या वर्षी त्यांनी नवी वेल लावलीच नाही. त्यांच्या बायकोने, काकूंनी, विचारलं तर म्हणाले, "लावून काय? खुडायला कोन हाय?"

एका दुपारी अप्पा बांबूच्या कामटीने सदऱ्यावरून छाती खाजवत होते. मी सरळ विचारलं. बराच वेळ घुटमळून त्यांनी गुंडी काढली. छातीच्या मधोमध शिजलेल्या कोळंबीसारखी लालसर गाठ, आणि ती दाबायला वेल बांधायचं केळीचं सोपट आवळलेलं!

"फोडाची खूण वाढत गेली. एकदा कापली, तर दुप्पट होऊन आली. मंग क्यान्सरच ना? पोरांना सांगू नको."

दुसऱ्याच दिवशी मी त्यांना पालघरला त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी गाठ नीट तपासली आणि हसल्या. "हा कॅन्सर नाही, बाबा. जखम भरल्यावरही तुमची कातडी वाढायची थांबली नाही. नुसतं कापलं तर पुन्हा येईल. गाठीतच इंजेक्शन देऊ, महिन्याला एक. आणि ते सोपट सोडा!"

"म्हनजे शेवग्यासारकंच की!" अप्पा म्हणाले. सुई टोचताना त्यांनी माझा हात आवळला, तो नंतरही सोडला नाही. "चार वरसं मरत होतो गो मी," म्हणत लहान मुलासारखे रडले. माझ्याही जिवात जीव आला.

आधी खाज गेली. पाचव्या इंजेक्शनपर्यंत गाठ मऊ पडून बरीच बसली. डाग राहिला, त्याची त्यांना फिकीर नव्हती.

पुढे माझी बदली झाली. निरोप घ्यायला खोलीबाहेर आले, तर अप्पा उघड्या अंगाने नवी वेल लावत होते. सदरा शेवग्याच्या फांदीवर टाकलेला. मी मुद्दाम चिडवलं, "अप्पा, हिची पानं खुडायला कोण हाय?"

मातीचा हात छातीवर ठेवून ते म्हणाले, "मी हाय ना!"