रिकिबीत पाय

सिंगापूरमध्ये सेंगकांगला आमच्या ब्लॉकखालच्या बाकावर एक मराठी काका रोज सकाळी मोबाइलवर जुने काउबॉय सिनेमे बघत बसायचे. आवाज एवढा मोठा, की गोळीबार ऐकतच मी एलआरटी ट्रेनचं स्टेशन गाठायचो आणि मनातल्या मनात चरफडायचो. त्यात त्यांची एक विचित्र सवय. गुंड मेले, गाव वाचलं आणि हीरोनं निघायला घोड्याच्या रिकिबीत पाय घातला, की ते सिनेमा तिथेच थांबवायचे.

एकदा न राहवून विचारलंच, "काका, शेवट का नाही बघत?"

"शेवट पाठ आहे," ते म्हणाले. "तीस वर्षं जहाजावर इंजिनिअर होतो. असाच ताठ मानेनं निघायचो. रडारड नको म्हणून मुलगी झोपेत असतानाच बॅग उचलायची. ती उठून किती वेळ दारात उभी राहायची, ते बायकोनं फार उशिरा सांगितलं. हा गडी बघा, दहा बंदुकांना भीत नाही; पण एकदा 'येतो' म्हणायला घाबरतो."

तेवढ्यात लिफ्ट उघडली. ऑफिसचा पास गळ्यात अडकवत त्यांची मुलगी धावतच बाहेर आली. घाईत होती, तरी बाकापाशी थांबली.

"बाबा, येते हं."

"ये."

ती स्टेशनच्या जिन्यावर दिसेनाशी होईपर्यंत काका उभेच होते. हातातल्या मोबाइलवर हीरो रिकिबीत एक पाय घालून तसाच खोळंबला होता.