हलका केलेला कर्नल आणि शाल-श्रीफळ

मंडळी, आज घोडेगावात आमच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये एका तज्ज्ञाचा सत्कार झाला. मी तिथं शिकवते, म्हणून टाळ्या मलाही वाजवाव्या लागल्या.

या साहेबांनी आमचे सगळे कॉम्प्युटर 'हलके' करून दिले. म्हणजे सिस्टिमचा गाभा, तो कर्नल, नव्यानं बांधताना जे जे ओळखीचं वाटलं नाही ते बंद करून टाकलं. मशिनं झटकन चालू व्हायला लागली. क्लासचे मालक खूश. शाल, नारळ, फोटो.

मग मी तळेघर गावाहून आलेल्या पोरांचा परीक्षेचा सराव घ्यायला गेले. सगळ्या फायली सर्व्हरवर, आणि एकाही मशीनवर त्या दिसेनात. नेटवर्कवरून फायली वाटून घ्यायची सोयच, ते एनएफएस, साहेबांनी कर्नलमधून काढली होती. स्क्रीनवर तसं सरळ लिहून आलं होतं. तरी साहेब एका हातानं शाल सावरत दुसऱ्या हातानं वायर हलवत होते.

मी म्हटलं, "सर, वायर ठीक आहे. एनएफएस तुम्हीच बंद केलंय. ते चालू करून कर्नल परत बांधा."

"त्याची काय गरज? पेनड्राइव्ह हाय की."

मालक माझ्याच कानाशी लागले. "मॅडम, पावण्यांना असं बोलत्यात व्हय?"

तळेघरची पोरं सराव न करताच परतीच्या एसटीला गेली.

निघताना साहेब म्हणाले, "पुढच्या टायमाला अजून हलकं करतो."

मला सांगा, अजून काय काढायचं राहिलंय? मला तर एकच सुचतंय, आणि ते नारळ मांडीवर घेऊन गाडीत बसलं होतं.