डेअरीतला पोर्ट स्कॅनर

कच्च्या दुधाचा वास आला की पलूसजवळच्या मामाच्या डेअरीतली ती सकाळ आठवते. नवा प्रिंटर कॉम्प्युटरला जोडला जाईना, आणि फॅटची छापील चिठ्ठी हातात पडल्याशिवाय कुणी कॅन ओतेना. ऊन चढत होतं, दूध नासलं असतं. कॉलेजसाठी मी पायथनमध्ये छोटा पोर्ट स्कॅनर लिहिला होता. तो यंत्राच्या एकेका पोर्टवर, म्हणजे माहिती आत-बाहेर जायच्या आकडे दिलेल्या वाटेवर, दारावर मारावी तशी थाप मारतो आणि उघडा कोणता ते सांगतो. एवढ्या लोकांसमोर घाबरतच तो प्रिंटरवर चालवला. रांगेतले एक आजोबा मामाला म्हणाले, "अरं, भाची नुसती आकडं पळवतीया, हितं दुधाचं दही हुतंय की!" सगळे हसले. तेवढ्यात एक पोर्ट उघडा सापडला. त्याचा आकडा कॉम्प्युटरच्या सेटिंगमध्ये भरताच चिठ्ठी सरसरत बाहेर आली. "लय भारी गं पोरी!" म्हणत आजोबांनी कॅन ओतला, आणि मी ओरडले, "चला, पुढचा नंबर!" चारचौघांत इतक्या मोठ्यानं मी पुन्हा बोललेले नाही, अजून तरी.