भिंतीपलीकडचा चैती

चैती गुलाब आणि एडवर्ड यांत गोंधळ होणं सोपं आहे. दोन्ही गुलाबी, दोन्ही सैल पाकळ्यांचे, दोन्हींचा वास अंगणभर पसरतो, दोन्हींचा गुलकंद होतो. मुख्य फरक काळाचा. चैती वर्षातून एकदाच, फाल्गुन-चैत्रात फुलतो. मग वर्षभर नुसता पाला. एडवर्ड थोड्या थोड्या दिवसांनी बारा महिने फुलत राहतो. म्हणून चैती मानाचा. एडवर्ड हारवाल्यांचा. रोपवाटिकेत तर त्याचा खुंट करून त्यावर दुसऱ्या, महाग गुलाबाचा डोळा, म्हणजे कोंब, भरून कलम करतात.

आमच्या चंद्रपूरच्या घरामागचा गुलाब आईने माहेराहून, सिरोंचाहून आणला. ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या काड्या बसमध्ये मांडीवर घेऊन ती आली होती. काड्यांबरोबर एक रीतही आली. चैत्र सरला की झाडावर दिसेल ती कळी, लहान असतानाच, खुडायची. महाशिवरात्र झाली की हात थांबवायचा.

"अवेळी कळी आली की झाड थकते," आई सांगे. "दम धरू द्या त्याले. मंग चैतात पाहा."

तिच्या आईकडे असंच करत, आजीकडेही. आमच्याकडे पानांवर कोळशाची धूळ बसते. आई सकाळी पानं धुवायची आणि धुता धुता कळ्या काढायची. त्यामुळे आमचा गुलाब वर्षातून एकदाच फुलत असे, आणि घरात त्याला चैतीच म्हणत.

मागच्या भिंतीपलीकडे एक निवृत्त अधिकारी राहतात. शहरातल्या गुलाब मंडळात त्यांचा शब्द चालतो. गल्ली त्यांना साहेब म्हणते. मंडळाचं प्रदर्शन होळीच्या आधीच्या रविवारी भरतं. एका वर्षी शेजारणींनी आग्रह केला म्हणून आई पितळी लोट्यात फुलं घेऊन गेली. चिठ्ठीवर मी 'चैती गुलाब' असं लिहून दिलं होतं. परीक्षक साहेबच होते. ते फुलाकडे वाकले नाहीत. वास घेतला नाही, फूल उलटून पाहिलं नाही, झाड वर्षातून किती वेळा फुलतं हे विचारलं नाही. खिशातून पेन काढून त्यांनी चिठ्ठीवर काट मारली.

"बाई, हा एडवर्ड. याचे हार करा. पुढच्या वेळी झेंडूही घेऊन या."

लोक हसले. कोण कोण हसलं ते मला आजही सांगता येईल. आई ऑटोत लोटा मांडीवर धरून घरी आली. त्या वर्षी तिने गुलकंद केला नाही आणि पुन्हा प्रदर्शनाला गेली नाही.

मी तेव्हा जिल्ह्यातल्या एका वर्तमानपत्राच्या डेस्कवर होते. डेस्कवर राग चालत नाही. पुरावा मिळेपर्यंत मजकूर बाजूला ठेवतात. मी राग तसा ठेवला.

काही वर्षांनी, दसरा उलटल्यावर, आमच्या झाडाच्या भिंतीकडच्या चार फांद्या कापलेल्या दिसल्या. काप तिरपा, बाहेरच्या डोळ्याच्या बरोबर वर. आणि प्रत्येक कापावर मोरचूद-चुन्याचा निळा लेप. गल्लीत छाटलेल्या फांदीला लेप लावणारा एकच माणूस आहे, साहेब. काड्या चोरायला आला तेव्हाही त्याच्याने उघडी जखम ठेववली नाही.

आईने निळ्या टोकांवरून बोट फिरवलं. "औषध लावून गेला. चोर आहे का डाक्टर?"

पुढच्या प्रदर्शनाला मी बातमीसाठी गेले. पहिल्याच टेबलावर साहेबांची कुंडी होती. फुलं तीच. चिठ्ठीवर लिहिलं होतं: 'चैती गुलाब. जुना, दुर्मिळ वाण. स्वतः शोधलेला.' गोदावरीपलीकडच्या एका पडक्या बागेत तो कसा सापडला, हे ते लोकांना सांगत होते. कुंडीला पहिलं बक्षीस मिळालं.

काय घडलं असेल ते उघड होतं. आमचं झाड फक्त फाल्गुन-चैत्रात फुलतं, हे त्यांनी भिंतीवरून वर्षानुवर्षं पाहिलं. आपण त्या दिवशी चुकलो असं त्यांना वाटलं. आईकडे येऊन ते तसं म्हणू शकले असते. त्याऐवजी त्यांनी काड्या नेल्या.

घरी आल्यावर मी आईला सांगितलं. ती लसूण सोलत होती.

"माझ्या घरी एडवर्ड आन् त्याच्या घरी गेला तं चैती?"

"हो."

"सोडू नोको त्याले."

सोडायचा माझाही विचार नव्हता. गुलाब आमचा आहे हे चारचौघांत सिद्ध करायचं, म्हणजे आधी तो कोणता हे पक्कं करायला हवं होतं. त्या पावसाळ्यात आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि ती माझ्या भावाकडे, भद्रावतीच्या कॉलनीत, राहायला गेली. तिथून रोज फोन: "कळ्या खुडून राह्यली का?" मी "झाड चांगलं आहे" एवढंच सांगे. ते खरं होतं. मी एकही कळी खुडली नव्हती.

श्रावणात झाड फुललं. नवरात्रात फुललं. छाटणी केली, तर दिवाळीनंतर पुन्हा फुललं. दोन जाणकारांना, एकाचं दुसऱ्याला कळू न देता, फुलं, पानं आणि काटे दाखवले. दोघेही म्हणाले, एडवर्ड.

म्हणजे साहेबांनी पहिल्यांदा जे न बघता सांगितलं, ते बरोबर होतं.

त्याच महिन्यांत गच्चीवरून मला पलीकडचं अंगणही दिसत होतं. दसऱ्याला त्यांच्या कुंडीत चार-पाच फुलं उमलली. दिवस कोणता ते कळावं म्हणून खिडकीवरच्या झेंडूच्या तोरणासकट मी फोटो काढून ठेवला. दुसऱ्या दिवसापासून साहेब सकाळी छोटी कात्री घेऊन कुंडीपाशी बसू लागले. कळ्या कापायच्या आणि खिशात टाकायच्या. आई कळ्या खुडायची ती झाडाला विसावा म्हणून. यांना आता सत्य माहीत होतं, आणि बक्षीस टिकवायचं होतं.

अडचण एकच होती. साहेबांना खोटं ठरवायचं तर आईचा गुलाब चैती नाही, हे आधी आईला सांगावं लागणार होतं.

सांगायची वेळ आलीच नाही. कार्तिकात ती परतली, नवा चष्मा लावून मागच्या दारी गेली आणि फुललेल्या झाडासमोर थांबली.

"खुडल्याच नाई तू."

"नाही."

"म्हंजे हा बाराही महिने फुलते."

"फुलतो, आई. एडवर्ड आहे."

ती ओट्यावर बसली. "आजीले मालूम नसन का?"

"नसावं. तिनेही कधी फुलू दिला नाही ना."

"मंग त्या दिशी तो खरं बोलला."

"खरं बोलला. पण बघून नाही बोलला."

आईने पदराने चष्मा पुसला. मला वाटलं, आता ती म्हणेल, जाऊ दे. तिने विचारलं, "त्याच्या घरी फुलला का?"

मी फोटो दाखवला. तिने तो डोळ्यांजवळ नेऊन पाहिला, तोरणासकट.

"मंग तू नोको बोलू," ती म्हणाली. "तू कागदावानी बोलतेस. मी बोलते."

होळीच्या आधीच्या रविवारी आम्ही दोघी प्रदर्शनाला गेलो. कुंडी पुन्हा पहिल्या टेबलावर, चिठ्ठी तीच. परीक्षक त्या वर्षी कॉलेजातल्या एक प्राध्यापक बाई होत्या. साहेब त्यांना पडक्या बागेची हकिकत सांगत होते. आई थेट त्यांच्यासमोर गेली.

"साहेब, राम राम. मागं तुमी मले म्हणलं होतं, हा एडवर्ड आहे. मी घरी जाऊन लय शिव्या देल्ल्या तुमाले. पण तुमचंच खरं होतं. तेवढंच सांगायले आली."

साहेब हसले. "बाई, तुमचा तो वेगळा. हा वेगळा."

"वेगळा कसा? आमच्याच भिंतीवरून तं नेला. चारी फांद्यायले निळं औषध लावून गेले तुमी. झाडानं दुवा देल्ला तुमाले."

मागे कोणीतरी खुसखुसलं. आई आवाज न चढवता पुढे बोलली. "माझ्या घरी होता तं हाराचा. तुमच्या घरी आला तं दुर्मिळ. जावई करून घेतला का त्याले?"

आता मात्र सगळे हसले. त्या पहिल्या वर्षी हसलेल्यांपैकी काही त्यात होते. मी ते नोंदवलं आणि फोन परीक्षक बाईंच्या हातात दिला.

त्यांनी फोटो मोठा करून पाहिला. "ही हीच कुंडी ना? दसऱ्याला फुलली होती?"

"हवामान बदललंय हल्ली," साहेब म्हणाले.

"मग कळ्या कशाला कापता रोज?" मी विचारलं. त्या दिवशी मी बोललेलं ते एकच वाक्य.

साहेबांनी गच्चीच्या दिशेने पाहावं तसं वर पाहिलं. तिथे फक्त मांडवाचं कापड होतं. परीक्षक बाईंनी कोरी चिठ्ठी आणि पेन त्यांच्यापुढे सरकवलं. साहेबांनी लिहिलं: एडवर्ड.

"काय लिहिलं?" आईने मला विचारलं. नव्या चष्म्याने तिला स्वच्छ दिसत होतं. "मोठ्यानं वाच."

मी मोठ्याने वाचलं.

मग आई वाकली आणि तिने कुंडी उचलली. साहेब पुढे झाले. "अहो, हे काय?"

"कुंडी तुमची आहे, भाऊ. माती पण तुमचीच. झाड माझं आहे. कुंडी सांजच्याले धाडून देते."

तिला कोणी अडवलं नाही. ऑटोवाला कुंडी मागे ठेवताना कुरकुरला, "माय, काटे टोचून राह्यले." "तुले टोचाले नाई आणला," ती म्हणाली आणि चढून बसली.

संध्याकाळी कुंडी घासून, माती भरून परत गेली. झाड आईने भिंतीला लागून, उंच बांधलेल्या वाफ्यात लावलं. जुन्या झाडाच्या अवेळी कळ्या ती अजूनही खुडते. ती तिच्या आजीची रीत आहे, आणि तिथे एडवर्ड हा शब्द आम्ही काढत नाही. या नव्या झाडाची एकही कळी ती खुडत नाही. ते भिंतीच्या वर आलं आहे. बाराही महिने फुलतं. साहेबांच्या जेवणघराच्या खिडकीतून ते पूर्ण दिसतं का, याची खात्री करायला मी एकदा पलीकडच्या गल्लीत जाऊन त्यांच्या खिडकीच्या रेषेत उभी राहिले होते. दिसतं. खिडकी बहुतेक वेळा बंद असते.