सलाइनमध्ये वाढलेले जीवाणू

आखातातल्या हमरिया फ्री झोनमधल्या पाणी तपासणाऱ्या लॅबमध्ये मी लागले तेव्हा सरांनी पहिल्याच दिवशी बजावलं, "पुण्यात कॉलेजच्या गेटवर पत्रकं वाटायचीस ना? इथे ते खलास." पत्रकं मी बंद केली. तोंड बंद करायचं कबूल केलं नव्हतं.

कामगारांच्या एका कॅम्पमधून टाकीच्या पाण्याचा नमुना मीच आणला होता. बाटली भरताना रत्नागिरीकडचे एक काका म्हणाले, "ताई, वास मारतो ओ. पण प्यायचं तर हेच." लॅबमध्ये प्लेटवर नको ते जीवाणू उगवले. टाकी बंद करायला एवढं पुरे होतं. पण सर त्या दिवशीच्या तपासणीची अख्खी बॅचच रद्द करायला निघाले.

कारण आमची पद्धत. प्रत्येक बॅचबरोबर ओळखीचे जीवाणूही ठेवायचे, ताडून बघायला. ते ब्रॉथमध्ये, म्हणजे पोषक द्रावणात, वाढवायचे, धुऊन ते द्रावण काढून टाकायचं आणि अन्नाचा कण नसलेल्या सलाइनमध्ये सोडायचे. संख्या तेवढीच राहिली तर तपासणाऱ्याचे हात स्वच्छ. बाकीचे लोक आदल्या दिवशीचं शिळं ब्रॉथ घेतात, त्यात वाढ आधीच थांबलेली असते. मी ताजं, जोमात वाढणारं घेतलं. आणि संख्या वाढली.

"खायला काही नाही आणि पोरं झाली? आभाळातून पडली का?" सर म्हणाले. "हात घाण आहेत तुझे. नेक्स्ट वीकमध्ये नवा नमुना आण."

नेक्स्ट वीक! सर अल बर्शातल्या घरी फिल्टरचं पाणी पिणार, आणि काका तोवर तीच टाकी पिणार. माझं डोकंच सणकलं.

"सर, उपासमार झाली की जीवाणू डीएनएची नवी नक्कल सुरू करत नाहीत. पण सुरू झालेली अर्धवट सोडत नाहीत. ती पुरी करतात आणि मग दुभंगतात. पोरं बारकी होतात, पण संख्या वाढते. थोडा वेळ वाढेल, मग थांबेल."

"पुस्तक वाचून दाखवू नकोस."

"नाही वाचत. करून दाखवते."

तसंच ताजं ब्रॉथ पुन्हा धुतलं. एका बाटलीत नुसतं सलाइन. दुसरीत सलाइन आणि डीएनएची नक्कल रोखणारं औषध. तिसरीत जीवाणू टाकलेच नाहीत. माझे हात घाण असते तर तीच बोलली असती. मग सरांना मायक्रोस्कोपपाशी बसवलं आणि मोजायला लावलं. मी मोजलं असतं तर पुन्हा माझेच हात!

पहिल्या बाटलीत संख्या वाढली आणि मग थबकली. औषधाच्या बाटलीत जवळजवळ हललीच नाही. नक्कल पुरी नाही, तर दुभंगणंही नाही. तिसरीची प्लेट दुसऱ्या दिवशी कोरी निघाली.

"खरंच बारीक झालेत गं," सर पहिल्या बाटलीतला थेंब पुन्हा मायक्रोस्कोपखाली बघत म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "आता यावर गरिबांच्या जिद्दीचं भाषण ठोकणार असशील."

"नाही सर. जीवाणू आहेत, जीवाणूच राहू देत. तुम्ही टाकीच्या रिपोर्टवर सही करा."

त्यांनी सही केली. कॅम्पच्या मॅनेजरला फोनही लावला. पलीकडून "इन्शाल्ला, कल देखेंगे" असं काहीतरी ऐकू आलं. मी टेबलासमोरून हललेच नाही.

"कल नहीं," सर माझ्याकडे बघत फोनमध्ये म्हणाले, "आज. टंकी बंद करो, टँकर मँगवाओ."

मी पुढच्या नमुन्यासाठी कोऱ्या बाटल्या उचलल्या आणि व्हॅनच्या ड्रायव्हरला हाक मारली, "यल्ला, भैया, चला!" टाकीला कुलूप लागताना मला तिथे उभं राहायचं होतं.