पंखा थांबेपर्यंत

शेवटचा तास संपला की संगणकाच्या बाई प्रोजेक्टर बंद करत आणि त्याच्या पाठीवर तळहात ठेवून उभ्या राहत. दिवा विझला तरी आतला पंखा घरघरत राहतो. तो शांत होईपर्यंत बाई वायरीला हात लावत नसत.

"बाई, उतरला का त्याचा ताप?" मुलं दारातून विचारत.

"उतरतोय. तुम्ही पळा, नाहीतर तुम्हाला चढेल."

घरी पोचायला उशीर झाला की नवरा दार उघडतानाच म्हणे, "झोपलं का तुझं बाळ?"

बाई मूळच्या टायपिंगच्या. टाइपरायटर भंगारात गेले तेव्हा त्यांचे केस पिकायला लागले होते. तरी मुलांच्या शेजारी बसून त्या माउस धरायला शिकल्या, आणि पुढे त्याच खोलीत मुलांच्या प्रकल्पांना चित्रं, आवाज, स्लाईड जोडून द्यायला लागल्या. त्यांचं एकच पालुपद असे, "एकटी फाइल उचलू नका रे, अख्खं फोल्डर न्या. एकटी फाइल म्हणजे दप्तर विसरून शाळेत आलेलं पोर."

सातवीत किल्लीवाल्याची मुलगी होती. बोलायला गेली की पहिलाच शब्द तिच्या घशात अडकायचा. वर्गाने तिचं नाव ठेवलं होतं बफरिंग. वर्षभर तिने वर्गापुढे चकार शब्द काढला नव्हता. प्रकल्प सादर करायचे दिवस जवळ आले तेव्हा ती बाईंच्या टेबलापाशी येऊन नुसतीच उभी राहिली.

"घरी आवाज रेकॉर्ड कर," बाई म्हणाल्या. "अडकलीस तर पुसून टाक, परत बोल. एकेका स्लाईडला एकेक तुकडा जोडू. तुकडा संपला की स्लाईड आपोआप पुढे जाईल. तू फक्त शेजारी उभी राहा. एक अक्षर बोलावं लागणार नाही, माझा शब्द."

'किल्ली कशी बनते' हा प्रकल्प ती पेन ड्राइव्हवर घेऊन आली. बाईंनी हेडफोन लावून तो ऐकला. सलग, स्वच्छ आवाज होता, आणि मागे वडिलांच्या कानशीची करकर. "छान गं," म्हणत त्यांनी तो शाळेच्या संगणकावर उतरवून घेतला.

दुसऱ्या दिवशी पडद्यावर किल्लीचं चित्र आलं. कोपऱ्यात इवलासा कर्णा होता, पण आवाज नव्हता. स्लाईड आपली आपण पुढे सरकली. कोरी किल्ली गेली, मशीन गेलं, कानस गेली, सगळं मुकाट्याने.

"आज तर पूर्णच हँग!" मागून कुणीतरी म्हणालं आणि वर्ग खिदळला.

बाईंच्या लगेच लक्षात आलं. काल त्यांनी एकटी फाइल उचलली होती. आवाजाचे तुकडे पेन ड्राइव्हवरच राहिले होते आणि पेन ड्राइव्ह पोरीच्या घरी. त्यांनी प्रकल्प थांबवला.

"चूक माझी आहे. फोल्डर मी मागे सोडलं."

"बाई, तुम्ही?"

"हो, मी. वर्षभर तुमचे कान खाल्ले ना? आता माझे खा." मग त्या मुलीकडे वळून हळूच म्हणाल्या, "उद्या लावू या? आवाजासकट?"

मुलीने नकारार्थी मान हलवली. उद्यापर्यंत हे हसू घेऊन घरी जायचं तिच्या जिवावर आलं होतं. ती पडद्याकडे बघत जागेवरच उभी राहिली. बाईंनी स्लाईडचं आपोआप सरकणं बंद केलं.

"बरं. आता तू सांगितल्याशिवाय ही हलणार नाही. कितीही वेळ लागू दे."

"कि... कि..."

"किल्ली!" पहिल्या बाकावरून मदत आली.

"तिचा शब्द आहे, तिलाच म्हणू दे," बाई मागे न बघता म्हणाल्या. त्यांचं बोट बटणावर होतं. ते हललं नाही.

"कि-किल्ली आधी को... कोरी असते."

शेवटची स्लाईड यायच्या आतच घंटा झाली. अर्धा वर्ग दप्तरं उचलून गेला. जे रेंगाळले त्यांच्यातल्या एकाने विचारलं, "ए, तुझे बाबा चोरांना पण करून देतात का गं?"

"दे-देतात ना. तु-तुझ्या घराची का-कालच दिली."

बाईंनाच सगळ्यांत आधी हसू फुटलं.

बफरिंग हे नाव काही सुटलं नाही. पण पुढच्या वर्षी वर्गाचा प्रकल्प कुणी दाखवायचा म्हटलं की पोरं तिलाच पुढे ढकलू लागली, आणि ती कुरकुरत का होईना, जाऊ लागली.

बाई निवृत्त झाल्या त्या दिवशी मुलांनी त्यांच्या फोटोंच्या स्लाईड केल्या होत्या. दाखवायला तीच होती. फोल्डर अख्खं आणलं होतं. भाषणं झाली, माणसं पांगली. बाईंची पिशवी हातात घेऊन नवरा दारात उभा होता. "चल ना, की मुक्कामच करतेस?"

बाई उंबऱ्यापर्यंत गेल्या. मागे मुलीने प्रोजेक्टर बंद केला होता आणि तिचा हात भिंतीवरच्या प्लगकडे निघाला होता. बाई वळल्या.

"पंखा थांबल्याशिवाय वायर काढू नकोस हं."